खास वाण लावायचा की नाही? आधी नापास मालाचा हिशेब

खास वाणाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हमखास एकच येतो, "भाव किती मिळतो?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर पहिला नाही. आधी विचारायचं ते हे: ठरलेल्या खरेदीदारानं माल नाकारला, तर तो कुठे जाणार आणि काय दरानं जाणार? चांगल्या वर्षी बहुतेक वाण चांगलेच दिसतात. ऐन काढणीत पाऊस लागला, त्या वर्षी काय झालं यावर खास वाण परवडतो की नाही ते ठरतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका प्रश्नाच्या अनुषंगानं लिहिल्या आहेत.

खास वाण म्हणजे नेहमीचंच पीक, पण एखाद्या ठरावीक गुणासाठी वेगळा काढलेला वाण. माल्टसाठीची (बिअर वगैरेसाठी मोड आणून वाळवायची) बार्ली, स्टार्चसाठीचा वॅक्सी मका, हाय-ओलिक (तेलात ओलिक आम्ल जास्त असलेलं) सूर्यफूल, बिनबियांचं कलिंगड, चवीसाठी नावाजलेली कॉफी ही त्याची उदाहरणं. या सगळ्यांत जादा दर मिळतो तो गुणाला. गुण हुकला की माल साध्या पिकाच्या ढिगात जातो, आणि पुष्कळदा साध्यापेक्षाही कमी दरानं.

पायरी १: कोणता गुण विकायचा आहे आणि तो मोजतात कसा

"दर्जेदार माल हवा" असं खरेदीदार म्हणाला, तर तिथंच थांबून आकडे मागा. माल्टसाठीच्या बार्लीचं उदाहरण घ्या. माल्ट करताना दाण्याला मोड आणावे लागतात, म्हणून दाणा जिवंत हवा. उगवण ९५ टक्के किंवा त्याहून जास्त मागतात. प्रथिनं साधारण १२ ते १२.५ टक्क्यांच्या वर गेली की माल्ट करणाऱ्यांना तो माल नको असतो, कारण प्रथिनं वाढली की दाण्यातून मिळणारा अर्क घटतो. दाणा टपोरा आणि एकसारखा लागतो. काढणीआधी पाऊस होऊन कणसातच मोड फुटले तर ती बार्ली जनावरांच्या खाद्याला जाते.

ब्रेडच्या गव्हाचा रिवाज नेमका उलटा आहे. तिथं जास्त प्रथिनांना जादा पैसे मिळतात, म्हणून शेतकरी नत्राचा शेवटचा हप्ता उशिरा देतो. बार्लीला तोच उशिराचा हप्ता दिला की प्रथिनं चढतात आणि माल नापास होतो. वर्षानुवर्षं गहू केलेल्या माणसाचा हात सवयीनं खताच्या पोत्याकडे जातो. वाण बदलला की ही सवयही बदलावी लागते, आणि ते बियाणं बदलण्याइतकं सोपं नसतं.

गुण हाती आला की तो ठरवतं कोण, हे बघा. काही गुण वाणातच बसलेले असतात. सूर्यफुलाच्या साध्या वाणात ओलिक आम्लाचं प्रमाण दाणा भरतानाच्या तापमानाप्रमाणे बरंच वरखाली होतं. १९७६ साली सोव्हिएत पैदासकार सोल्दातोव यांनी 'पेर्वेनेत्स' हा हाय-ओलिक वाण पुढे आणला, आणि त्या वंशातल्या वाणांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास टिकतं. असा गुण विकणं तुलनेनं निर्धास्त. काही गुण मशागतीवर अवलंबून असतात, जशी बार्लीतली प्रथिनं. आणि काही निव्वळ हवामानाच्या हाती असतात, जसं काढणीच्या आठवड्यात दाणा कोरडा राहणं. तुमच्या करारातली जादा रक्कम या तिसऱ्या प्रकारच्या गुणावर टांगलेली असेल, तर पुढचा हिशेब दुप्पट काळजीनं करा.

पायरी २: नापास मालाचा हिशेब

एक कागद घ्या. मी साधे आकडे घेतो, चलन कुठलंही धरा.

नेहमीचा वाण: उत्पादन १०० पोती, दर १०, म्हणजे हाती १०००. खर्च ६००. उरतात ४००.

खास वाण: उत्पादन ८५ पोती, कारण खास वाण बहुतेक वेळा थोडा कमी उतरतो. दर १४. सगळा माल पास झाला तर ११९०. बियाणं, स्वच्छता, वेगळी साठवण आणि तपासणी धरून खर्च ७००. उरतात ४९०.

इथं बहुतेकजण कागद घडी करून ठेवतात, कारण ९० जास्त दिसले. पण नापास पोतं ९ दरानं जातं असं धरा. ८५ पैकी २० टक्के, म्हणजे १७ पोती नापास झाली, तर ६८ पोत्यांचे ९५२ आणि १७ पोत्यांचे १५३ मिळून ११०५. खर्च वजा जाता ४०५. म्हणजे पाचातलं एक पोतं नापास झालं की सगळी जादा कमाई जवळजवळ संपली. ३० टक्के नापास झालं तर उरतात ३६२, नेहमीच्या वाणापेक्षा कमी. आणि सगळाच माल नाकारला गेला तर हातात ६५.

हाच हिशेब वर्षांच्या भाषेत मांडला तर जास्त उमजतो. चार वर्षं सगळा माल पास आणि पाचव्या वर्षी सगळा नापास, तरी पाच वर्षांची सरासरी तीच, ४०५. तेव्हा स्वतःला विचारा: गेल्या दहा वर्षांत काढणीच्या पंधरवड्यात पाऊस किती वेळा आला? दोनपेक्षा जास्त वेळा आला असेल, तर या आकड्यांवर हा वाण तुमच्यासाठी नाही.

आता नापास पोत्याचा दर ९ ऐवजी ५ धरून बघा. मग १२ टक्के माल नापास झाला की बरोबरी होते. आणि नापास माल साध्या बाजारात नेहमीच्याच दरानं, म्हणजे १० नं, खपत असेल तर चौथा हिस्सा नापास झाला तरी तुम्ही तरता. इतका फरक या एका आकड्यानं पडतो. ज्या वाणाचा नाकारलेला माल साध्या पिकात मिसळून विकता येतो, तो वाण नवख्यानं आधी धरावा. रंग, आकार किंवा चव इतकी वेगळी असेल की साध्या बाजारात कुणी हात लावत नाही, तर तो वाण अनुभव गाठीशी आल्यावर.

या हिशेबात स्वतःचे दिवस धरायला विसरू नका. नमुने पोचवणं, यंत्र धुणं, खरेदीदाराच्या माणसाची वाट बघणं यात गेलेला दिवसही खर्चच आहे. शेतकरी आपल्या मजुरीचा आकडा शून्य धरतो, आणि मग खास वाण नफ्यात दिसतो.

पायरी ३: खरेदीदार आधी, पेरणी नंतर

साधं पीक घेतलं की बाजार असतो. खास वाणाला कित्येकदा बाजार नसतो, दोन-तीन खरेदीदार असतात. पेरणीआधी लेखी करार नसेल, तर मी तरी चाचणीच्या पट्ट्यापलीकडे जाणार नाही.

करार वाचताना पहिली गोष्ट बघायची: तो क्षेत्राचा आहे की वजनाचा? क्षेत्राच्या करारात ठरलेल्या वावरात जे पिकेल, पास झालेलं सगळं, खरेदीदार घेतो. उत्पादन घटलं तर तुमची कमाई घटते, पण देणं अंगावर येत नाही. वजनाच्या करारात ठरावीक टन द्यायचे कबूल केलेले असतात. दुष्काळात ते पिकले नाहीत, तर काही करारांत फरक तुम्हाला भरून द्यावा लागतो, आणि टंचाईमुळे त्याच वर्षी भाव चढलेला असतो. म्हणजे पीक गेलं ते गेलंच, वर चढ्या भावाची भरपाई. वजनाचाच करार असेल तर अपेक्षित उत्पादनाच्या निम्म्या-साठ टक्क्यांपेक्षा जास्त कबूल करू नका. नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे का, ते शोधून वाचा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. भांडणं इथंच होतात. नमुना कुठे काढणार, शेतावर की त्यांच्या गोदामात? काढताना तुम्ही हजर असणार का? एकाच वेळी तीन सारखे नमुने काढून मोहोरबंद करावेत, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, एक वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. ही मागणी पेरणीआधी केली तर शक्यतो मान्य होते. ट्रक गोदामाच्या दारात उभा असताना केली तर कुणी ऐकत नाही.

माल उचलण्याची अंतिम तारीख, तोपर्यंतच्या साठवणीचा खर्च कुणाचा आणि पैसे किती दिवसांत, ही कलमंही लिहून घ्या. दर ठरीव आहे की बाजारभावावर ठरावीक रक्कम जादा, हे समजून घ्या. बाजार उसळला तर ठरीव दरात मन खट्टू होतं, पण नवख्याला तोच सोसतो.

खरेदीदाराकडे गेल्या दोन-तीन हंगामांत माल दिलेल्या दोघा शेतकऱ्यांशी बोला. त्यातला एक असा शोधा ज्याचा माल नाकारला गेला होता. नाकारताना कागद दाखवला का, की नुसता फोन केला, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणि जादा दर कशामुळे आहे, याचाही विचार करा. मागणी वाढली म्हणून, की पिकवणारे अजून थोडे आहेत म्हणून? संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष क्विनोआ या धान्यासारख्या पिकाचं म्हणून जाहीर केलं, जगभर मागणी वाढली, भाव शिखरावर गेले. मग अनेक नव्या देशांत क्विनोआ पिकू लागला आणि २०१४ नंतर भाव कोसळले. जे पीक शेजारी पुढच्या हंगामात सहज लावू शकतो, त्याचा जादा दर फार वर्षं टिकेल असं धरून यंत्रं विकत घेऊ नका.

पायरी ४: वाण तुमच्या रानाला मानवतो का

माहितीपत्रकातले "पक्व होण्याचे दिवस" दुसऱ्या रानात, दुसऱ्या हवेत मोजलेले असतात. दिवसाची लांबी, फुलोऱ्यातलं तापमान, रात्रीचा गारवा, फळझाडांना लागणारी थंडी, हे तुमच्याकडे जुळतं का ते स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

गेशा कॉफीची गोष्ट मला यासाठी फार मोलाची वाटते. मूळ इथिओपियातला हा वाण १९५३ साली कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रात पोचला आणि पुढे तिथून पनामात गेला, तो पानावरच्या तांबेरा रोगाला तोंड देईल या आशेनं. उत्पादन कमी आणि फांद्या ठिसूळ, म्हणून शेतकऱ्यांच्या तो मनात भरला नाही. पनामातल्या बोकेते भागातल्या हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्यात उंचावरच्या तुकड्यांतली फळं वेगळी तोडून त्यांची कॉफी वेगळी चाखली गेली तेव्हा त्याची चव समजली, आणि पनामातल्या कॉफीच्या २००४ च्या स्पर्धेत त्यानं बाजी मारली. तोच वाण कमी उंचीवर लावला की ती चव उतरत नाही, कमी उत्पादन मात्र तसंच राहतं. वाणाचं नाव विकत घेता येतं, पण ज्या जागेनं त्याला नाव मिळवून दिलं ती जागा रोपाबरोबर येत नाही. आणि एकाच शेतातल्या वेगवेगळ्या तुकड्यांचा माल एकदा तरी वेगवेगळा काढून बघावा, हेही मी यातून घेतो.

पायरी ५: भेसळ कुठून येईल

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते.

वॅक्सी मक्याच्या दाण्यातला स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन या एकाच प्रकारचा असतो. साध्या मक्यात साधारण ७५ टक्के अमायलोपेक्टिन आणि २५ टक्के अमायलोज हा दुसरा प्रकार असतो. हा गुण सुप्त आहे, म्हणजे साध्या मक्याच्या गुणाशी गाठ पडली की झाकला जातो. शेजारच्या वावरातल्या साध्या मक्याचा पराग वाऱ्यावर आला, तर त्याच हंगामात, त्याच कणसात साधे दाणे तयार होतात. पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. बांधाकडच्या ओळीतली पाच-सहा कणसं आणि वावराच्या मधली पाच-सहा कणसं घ्या. वाळलेला दाणा नखकात्रीनं किंवा चाकूनं टोकाकडून कापा, आतला पांढरा पिठाळ भाग उघडा पडू द्या आणि त्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनचा एक थेंब सोडा. साधा दाणा निळा-काळा पडतो, वॅक्सी दाणा तांबूस-तपकिरी. शंभर दाणे मोजा. बांधाकडे काळे दाणे जास्त आणि आत कमी सापडले, तर पराग शेजारून आला. सगळीकडे सारखेच विखुरलेले असतील, तर संशय बियाण्यावर किंवा पेरणी यंत्रात राहिलेल्या जुन्या दाण्यांवर घ्या. बांधाकडच्या ओळी वेगळ्या काढून साध्या मक्यात विकल्या की उरलेला माल कित्येकदा वाचतो. मका काढणाऱ्या यंत्रवाल्याला हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण एकदा टाकीत मिसळलं की संपलं.

मक्याच्या बीजोत्पादनात दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर विलगीकरण अंतर सर्रास धरतात. तेवढं रान नसेल तर पेरणीच्या तारखा तीन-चार आठवड्यांनी पुढेमागे करून फुलोरे टाळता येतात, पण त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि तेही त्यानं बियाणं आणण्याआधी.

गहू, भात, बार्ली ही स्वपरागित पिकं. त्यांच्यात परागाची भीती थोडी. तिथं भेसळ येते ती मळणी यंत्रातून, ट्रॉलीच्या फटीतून, गेल्या हंगामात सांडलेल्या दाण्यांच्या उगवणीतून. आधी तेच पीक असलेल्या वावरात खास वाण लावू नका. भाड्याचं यंत्र असेल तर ते आधी कुणाच्या शेतात होतं ते विचारा, आणि यंत्रातून निघालेली पहिली काही पोती साध्या मालात टाका.

पायरी ६: हाताळणी

स्पेल्ट हा जुन्या प्रकारचा गहू मळणीनंतरही टरफलात राहतो. टरफल काढायचं यंत्र जवळपास नसेल, तर ते ओझं तुम्ही भाडं भरून वाहून नेता. बिनबियांच्या कलिंगडाच्या वेलीवर स्वतःचा उपयोगी पराग तयार होत नाही, म्हणून साध्या, बिया असलेल्या वाणाची रोपं मधेमधे लावावी लागतात आणि मधमाश्याही लागतात. बियाणं महाग आणि उगवायला ऊबदार माती लागते. मिनेसोटा विद्यापीठानं १९९१ मध्ये आणलेलं हनीक्रिस्प हे सफरचंद ग्राहकांना इतकं आवडलं की जादा दर वर्षानुवर्षं टिकला. पण त्यात कॅल्शियमच्या कमतरतेनं पडणारे कडवट डाग फार येतात, आणि टिकाऊ माल ठेवायचा तर तोडणी व साठवणीत जास्त निगुती लागते. अशी प्रत्येक वाणाची एक खोड असते. ती विक्रेत्याकडून कळत नाही, पिकवणाऱ्याकडून कळते.

पायरी ७: बियाणं कुणाच्या मालकीचं

नव्या वाणांवर पैदासकाराचे, म्हणजे वाण तयार करणाऱ्याचे, हक्क असतात. त्यासाठीचा 'युपोव्ह' हा आंतरराष्ट्रीय करार १९६१ साली पॅरिसमध्ये झाला, आणि पुढे देशोदेशी आपापले कायदे आले. घरचं बियाणं राखता येईल का, ते कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर अवलंबून. संकरित वाणाचं बियाणं राखून उपयोगही नाही, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. काही वाण ठरावीक लोकांनाच लावता येतात. कॉस्मिक क्रिस्प हे सफरचंद २०१९ च्या शेवटी बाजारात आलं, तेव्हा पहिली दहा वर्षं ते अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बागायतदारांपुरतंच राखलेलं होतं. तुम्हाला नाव आवडलं म्हणून रोप मिळेलच असं नाही, हे आधी विचारून घ्या. एकाच कंपनीकडे बियाणं असेल, तर पुढच्या वर्षी ते मिळण्याची खात्री लेखी मागा.

पायरी ८: पट्ट्यांची चाचणी

एका कोपऱ्यात नवा वाण आणि उरलेल्या वावरात जुना, ही चाचणी नव्हे. कोपऱ्यातली माती वेगळी असते. एकाच वावरात नवा-जुना, नवा-जुना असे पट्टे आलटून पालटून घ्या, प्रत्येकाचे निदान तीन. पेरणी एकाच दिवशी, पाणी सारखं. आधी शंभर बियांची ओल्या कागदात उगवण बघा, म्हणजे विरळ पिकाचा दोष वाणाला जाणार नाही.

प्रत्येक पट्टा वेगळा काढा, वेगळा तोला आणि ओलावा मोजा. उशिरा पिकणारा वाण ओला निघतो आणि वजनात फसवतो. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो म्हणजे ८० किलो कोरडा दाणा. १४ टक्क्यांवर आणले की ते ९३ किलो भरतात. हा सात किलोंचा फरक पुष्कळदा दोन वाणांतल्या खऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

प्रत्येक पट्ट्याचा नमुना खरेदीदाराकडे पाठवा आणि त्याचा लेखी निकाल मागवा. हे दोन हंगाम करा. पहिला हंगाम सुरेख गेला तर दुसरा करायला मन तयार होत नाही, तरी करा. निदान एक वाईट हंगाम बघितल्याशिवाय पायरी २ मधला नापास टक्का तुम्हाला कळणारच नाही, आणि तो न कळता केलेला सगळा हिशेब अंदाजपंचे आहे.

पायरी ९: किती लावायचं आणि कधी थांबायचं

पहिल्या मोठ्या लागवडीला मी क्षेत्राचा दहावा हिस्सा धरतो. तो सगळा नापास झाला तरी पुढच्या हंगामाचं बियाणं-खत घेता आलं पाहिजे, हा माझा निकष. मात्र फार थोडं लावूनही चालत नाही. ट्रक भरत नसेल तर खरेदीदार येत नाही. अशा वेळी दोघा-तिघांनी मिळून एकच वाण, एकच वेळापत्रक ठरवून लावावा, पण माल एकत्र करण्याआधी प्रत्येकाचा नमुना वेगळा तपासावा. एकाच्या ओल्या पोत्यांनी सगळ्यांचा ट्रक परत येतो.

फळझाडांना हे लागू नाही. तिथं पहिलं उत्पन्न यायलाच तीन ते पाच वर्षं जातात आणि तोवर बाजार बदललेला असू शकतो. चालू बागेतल्या काही झाडांवर नव्या वाणाची कलमं भरून बघा. दोन-तीन वर्षांत फळं दिसतात आणि मुळं जुनीच राहतात, त्यामुळे माघार घेणंही स्वस्त पडतं.

शेवटचं काम पेरणीआधीच्या रात्री करायचं. वहीत तीन ओळी लिहा, तारीख टाका: किती टक्के माल नापास झाला तर मी हा वाण सोडेन, जादा दर कितीवर उतरला तर सोडेन, आणि किती हंगामांनी पुन्हा हिशेब करेन. घरातल्या ज्या माणसाबरोबर तुम्ही पैशाचे निर्णय घेता, त्याला किंवा तिला ती वाचून दाखवा आणि वही काढणीपर्यंत त्यांच्याकडेच ठेवा.